तीन ठिपक्यांची वायर

साखर पेठेतल्या त्या बोळात सोमवारी सकाळी एवढी गर्दी लोटली, की दूधवाल्याला सायकल हातात धरून भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. शिवानंदच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लोंबकळत होती आणि सगळ्यांचे डोळे कंप्युटरच्या पडद्यावर खिळले होते. तिथं ना देव प्रकटला होता, ना नाग. तिथं होती एक बोटभर हिरवी पट्टी.

वेळापूरच्या एका लग्नाचा व्हिडिओ माडीवरच्या कंप्युटरातून वायरीनं खालच्या कंप्युटरात उतरत होता. जेवढा उतरेल तेवढी पट्टी पुढं सरकायची. सरकायची कसली, बाळंतिणीसारखी कण्हत होती.

"पाहा!" तंतूअप्पा गरजले. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षांच्या जोडीला पेनड्राइव्हची माळ. "सूनबाईंचा हात माउसवर आहे. पट्टी मेलेली आहे. आता तंतुशुद्धी!"

त्यांच्या चेल्यानं, म्हणजे पेठेत घरोघर वायरी ओढणाऱ्या गुरप्पानं, टेबलावर भगवी शाल पसरली. कंप्युटरची पाठ आणि शेजारचा लुकलुकत्या दिव्यांचा डबा शालीखाली झाकला. अप्पांनी दोन्ही हात आत घातले. धुपाचा लोट उठला. "आठ दिशा, नऊ ग्रह, एक राउटर! फट् स्वाहा!" शाल उचलली. आता शेजारची मायाक्का पुढं बसली. तिनं उभ्या जन्मात माउस धरला नव्हता. अप्पांनीच तिचं बोट धरून बटण दाबलं.

आणि पट्टी धावली. नवरदेवाची घोडी उधळावी तशी धावली.

"अगं बया बया!" बायांनी हात जोडले. मायाक्का स्वतःच्या हाताकडं बघत रडायलाच लागली.

स्वयंपाकघराच्या दारात राजाबाई नातीला कडेवर घेऊन उभी होती. तिनं हात जोडले नाहीत. जोडायला हात मोकळाच नव्हता. सईनं आजीच्या पदराची मूठ वळून धरली होती, कारण आईची बॅग उंबऱ्याशी भरून ठेवलेली तिनं बघितली होती.

ती बॅग का भरली गेली, हे सांगायला हवं.

राजाबाई म्हणजे दुसरीतून शाळा सोडलेली, पण अख्ख्या बोळाला जिभेवर नाचवणारी बाई. नवरा गेल्यावर चादरीच्या कारखान्यात गाठी मारून तिनं पोरगा, शिवानंद, मोठा केला. तो लग्नाचे व्हिडिओ काढायला लागला. माडीवरच्या कंप्युटरात तो कॅमेऱ्यातलं सगळं ओतायचा आणि खाली सुकन्या, म्हणजे सून, ते कापून-जोडून गाणी लावून सजवायची. दोघांच्या मधे एक वायर. ती वायर म्हणजे त्या घराची चूल होती.

हिवाळ्यात सुकन्याचे वडील वळसंगला वारले. ती दिवस करून परत आली आणि त्याच आठवड्यात चूल विझत आली. माडीवरून खाली काही म्हणता काही उतरेना. जेऊरच्या पार्टीनं ओरडून ओरडून काम काढून घेतलं. शिवानंदचं जेवण तुटलं. रात्री तो पडद्यासमोर बसून राहायचा, कुणी बोललं की अंगावर यायचा.

सुकन्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "अवो, भिंतीतली लांब वायर तुमी पुण्याहून आणलेली, ती चांगली हाय. पण डब्यापासनं कंप्युटरपर्यंतचा तुकडा गुरप्पाण्णांनी मी नसताना बदललाय. त्यात आठाच्या जागी चारच तारा हायत."

गुरप्पा तिथंच होता. त्याचा चेहरा उतरला, मग चढला. "वहिनी, मोबाइलवर पिक्चर चालतो का न्हाय? नेट पळतं का न्हाय? वायर खराब असती तर नेट आलं असतं का?"

शिवानंदला ते पटलं. नेट खरंच पळत होतं. मग गुरप्पानं दुसरा तुकडा आणून दिला, तसाच निळा. फरक पडला नाही. तेव्हा गुरप्पा मान हलवत म्हणाला, "दादा, बाहेरचं आत येतंय, पण घरातलं घरात पोचत न्हाय. हे वायरीचं काम न्हाय. घरातच कुणीतरी वाट अडवतंय."

आणि तो तंतूअप्पांना घेऊन आला.

अप्पांनी एका बैठकीत निकाल लावला. "मृतात्मा मुळात वायरलेस असतो. लेकीच्या मायेनं तो वायरीत शिरला, तिथं गुदमरला, आत्मिक बँडविड्थ खाऊन टाकली." पुढं काय? तर सूनबाईनं माहेरी जायचं, सव्वा वर्ष नवऱ्याचं तोंड बघायचं नाही. आणि पोर? पोर इथंच ठेवायची, नाहीतर बंध तुटत नाही.

सुकन्या चार तारांचं बोलायला गेली की अप्पा डोळे मिटून म्हणायचे, "ती बोलत नाही, तो बोलतोय." मग सुकन्यानं बोलणंच टाकलं. खोटं ठरलेलं माणूस बसतं तशी ती भिंतीला टेकून बसायची.

राजाबाईला सून फार गोड होती असं नाही. दोघींचं मिठावरून रोज वाजायचं. पण तीन वर्षांच्या लेकराला आईपासून तोडायचं म्हटल्यावर म्हातारी उठली. ती पोराला म्हणाली, "शिवा, तुजं डोकं फिरलंय का?" त्यानं सगळ्यांदेखत उत्तर दिलं, "अव्वा, तुला कंप्युटरमधलं काय कळतं? तू गप बस."

ज्या घरात आजवर तिच्या खाकरण्यानंही माणसं उठून उभी राहत, त्या घरात तिला गप बसवलं होतं. भांडायला शब्द होते, पण ते कुणावर टाकायचे? तिला खरंच कंप्युटरमधलं काही कळत नव्हतं. आदल्या रात्री देव्हाऱ्यासमोर बसून तिनं हातच टेकले होते. सकाळी बॅग भरली गेली, तीही तिनं स्वतःच्या हातानं भरली. सुकन्याच्या साड्यांवर सईचं एक झबलं ठेवलं, वास तरी जाईल सोबत म्हणून.

मात्र एक गोष्ट तिनं सवयीनं केली होती.

राजाबाईची भांडी बोळातल्या प्रत्येक लग्नाला जायची. परात, पातेली, घागरी. आपलं देऊन दुसऱ्याचं पोचे आलेलं घरी यायला लागलं, तेव्हापासून ती बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर लाल नेलपॉलिशचे तीन ठिपके द्यायची. नाव कोरायला पैसे आणि अक्षर दोन्ही लागतं, ठिपक्याला काही लागत नाही. सकाळी गुरप्पाची पिशवी उघडी दिसली. आत निळ्या वायरींचं वेटोळं, सगळ्या सख्ख्या बहिणी. तिच्या मनात आलं, हा मेला पूजेच्या गडबडीत आपली वायर मारून कचरा लावणार. तिनं गुपचूप आपल्या वायरीच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोप्यांवर तीन-तीन ठिपके दिले. चमत्काराबिमत्काराचा तिला संशय नव्हता. संशय होता तो चोरीचा.

आता मायाक्काला हळदकुंकू लावायच्या निमित्तानं ती टेबलाजवळ गेली आणि मान वाकडी करून डब्याकडं बघितलं.

ठिपके नव्हते.

'मारली की!' ती ओरडणार, एवढ्यात तिची नजर पडद्यावर गेली. पट्टी पळत होती. आपली वायर चोरून हा चोर तिच्याहून चांगली ठेवून गेला? असला चोर तिनं सोलापुरात तरी बघितला नव्हता.

"ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी पुन्हा!" अप्पा म्हणाले. शाल, धूप, फट् स्वाहा. सुकन्याला दंडाला धरून बसवलं. पट्टी कण्हायला लागली.

राजाबाई कुंकवाचा करंडा उचलायला वाकली. तीन लाल ठिपके तिच्याकडं बघत होते.

चोरलेला माल परत आला होता.

म्हातारी तिथंच टेबलाला धरून उभी राहिली. कंप्युटर कळत नव्हता, पण परात बदलली की पीठ चुकतं एवढं तिला कळत होतं. यांनी नुसता हात बदलला नव्हता. हातासोबत दर वेळी वायरही बदलत होती. आणि सगळा गाव बघत होता हाताकडं.

"झालं समाधान?" अप्पा बोलले. "शिवानंद, रिक्षा बोलवा. मुहूर्त टळतोय."

शिवानंदनं खाली मान घालून बॅग उचलली. सईनं आजीच्या कडेवरून असा काही हंबरडा फोडला, की खिडकीतली माणसं मागं सरली.

"थांब रं!" राजाबाई म्हणाली. "अप्पा, माजा जीव खुळा हाय. म्हातारपणी डोळ्यांनी नीट बघितलं न्हाय. आजून एकदा मायाक्काचा हात दावा, मग मी सोता सुनंला रिक्षात घालते."

अप्पा खूश. शाल, धूप, स्वाहा. शाल उचलताना गुरप्पाचा हात पिशवीत जाऊन आला, तो या वेळी राजाबाईनं बघितला. मायाक्का बसली, पट्टी उधळली.

"आता शाल बाजूला ठेवा. मायाक्का, ऊठ. सुकन्या, हितं बस."

"अहो, तंतुशुद्धी केल्याशिवाय—"

"वायरीला हात लावायचा न्हाय!" तिचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत गेला. "कुणीच न्हाय. अंगातलं भूत पोरीच्या हातात हाय म्हनता न्हवं? मग हात बदलतो. वायर तशीच ऱ्हाऊ द्या."

गुरप्पा पुढं झाला. राजाबाईनं सईला शिवानंदच्या हातात कोंबलं आणि टेबलासमोर आडवी उभी राहिली. "गुरप्पा, माज्या अंगाला हात लावलास तर भूत बाजूलाच ऱ्हाईल, मीच तुला धरीन."

लोक हसले. तेवढ्यात सुकन्यानं माउस धरला, फोल्डर पुन्हा पहिल्यापासून ओढला.

पट्टी धावली.

नवरी आली, हार पडला, अक्षता उडाल्या, सगळं भराभर उतरत होतं. मेलेल्या बापाची लेक बसली होती आणि पट्टी थांबायचं नाव घेत नव्हती.

"माझी शक्ती रोखून धरते आहे..." अप्पा पुटपुटले.

"व्हय? मग धरून ठेवा." राजाबाईनं गुरप्पाच्या पिशवीत हात घातला आणि तीन ठिपक्यांची वायर सगळ्यांसमोर उंच धरली. "ही आमच्या घरची. सकाळी मीच ठिपके दिलेत, जशी परातीला देते. सुकन्या, लाव ही. मायाक्का, तू बस. तुज्या पुण्याईचा हात हाय न्हवं?"

वायर लागली. मायाक्का बसली. पट्टी कण्हायला लागली.

"यव्वा!" मायाक्का उठूनच उभी राहिली. "म्हंजी माज्या पण अंगात आलं का काय?"

"कुणाच्या अंगात काय आलं न्हाय," राजाबाई म्हणाली. "सुकन्या, बोल गं. आता तुजं बोलणं कोण तुज्या बापाचं म्हनतं ते बघते मी."

सुकन्यानं दोन्ही वायरींच्या रबरी टोप्या मागं ओढल्या. आतलं टोक काचेसारखं पारदर्शक होतं. एकात रंगीत तारा दाटीनं बसल्या होत्या, आठ. दुसऱ्यात चार, आणि बाकीची घरं रिकामी.

"चार तारांवर नेट चालतं," ती म्हणाली. आवाज वापरात नसल्यासारखा घोगरा होता. "आपलं नेट मुळात तेवढंच येतंय, म्हणून फरक दिसत न्हाय. पण घरातल्या दोन कंप्युटरांमधे एवढा मोठा व्हिडिओ न्यायचा तर आठही लागतात. चारवर वेग पार पडतो. एवढंच हाय. गुरप्पाण्णांनी पेठेत सगळीकडं ह्याच चार तारांच्या वायरी विकल्यात. मी ते बोलले, म्हणून त्यांना मला खोटं पाडायचं होतं."

गुरप्पा दाराकडं सरकला. दारात दूधवाला सायकल आडवी लावून उभा होता. तंतूअप्पांनी शाल गोळा केली, तर तिच्या घडीतून आणखी दोन निळ्या वायरी खाली पडल्या. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे म्हणतात, तो भगव्या कफनीलाही लागतो हे अप्पांना त्या दिवशी कळलं.

शिवानंद सईला घेऊन तसाच उभा होता. "सुकन्या..." एवढंच म्हणाला.

ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "टोपी मागं ओढायला काय लागतं? पहिल्याच दिवशी ओढली असती तर?"

म्हातारीनं बॅग उचलली, उंबऱ्याच्या आत आणली आणि वरचं झबलं काढून सुनेच्या मांडीवर ठेवलं. सई बापाच्या हातातून उतरून आईला जी चिकटली, ती दिवसभर सुटली नाही.

लोक हलेनात. राजाबाई त्यांच्याकडं वळली.

"बघत काय बसलात? भाकरी करपली तर आधी तवा बघता का पीठ? दोन्ही एकदम बदललं तर दोष कुणाचा ते कळंल का? एका वेळी एकच बदलायचं. एवढं तर चुलीपुढं बसणारीला बी कळतं. मग पोरीला घराबाहेर काढताना तुमी सगळे कुटं गेला हुता? आमी कुटं गेलो हुतो? बाबा म्हनला म्हणून खरं न्हाय, शिकलेला म्हनला म्हणून न्हाय. करून बघा, आनि डोळं उघडं ठेवून बघा. शालीखाली जे हुतं ते खरं न्हाय, शाल काढल्यावर ऱ्हातं ते खरं. जावा आता, आपापल्या घरच्या टोप्या मागं ओढा."

गर्दी पांगली. थोड्याच वेळात बोळातल्या घराघरांतून तारा मोजल्याचा आवाज येऊ लागला, एक, दोन, तीन, चार. बहुतेक घरांत तो चारवरच थांबत होता.