डाव्या हाताचा निळा

ताऱ्याच्या उजव्या कडेला ही जी निळी धूळ बसली आहे—जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी रुंद, पांढऱ्यात विरत गेलेली—तिला तुम्ही चूक म्हणालात. तुम्हीच, मुकादमसाहेब. वर काचेच्या खोलीत बसून खाली राबणाऱ्या बायकांच्या पाठीवर डोळा ठेवणारे तुम्ही. या एवढ्याशा धुळीसाठी तुम्ही माझ्या आईला अख्ख्या खात्यासमोर उभं केलंत आणि विचारलंत, डोळे घरी ठेवून येतेस का म्हणून. सत्तावन्न वर्षं झाली. तुमचा कारखाना पडला, त्या जागी गोदाम आलं, तुम्हीसुद्धा बहुतेक मेला असाल. मेलात म्हणून सुटलात असं समजू नका...

झेनॉन पिएत्रासच्या हातातला काचकागद हवेतच थांबला होता.

शनिवारची सकाळ. मागच्या गल्लीत कुणीतरी कचऱ्याचा डबा खडखडत ओढत नेत होतं. गॅरेजमध्ये सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर, पोलादी गोळी उडवून खेळायच्या पिनबॉल यंत्राची जुनी पेटी आडवी पडली होती. नुसती पेटी—आतल्या तारा, घंटा, दिवे, पोलादी गोळ्या, सगळं काढून खोक्यांत भरलेलं. तिच्या दोन्ही कुशींवर सात सात निळे तारे आणि घोड्याच्या पाठीवर उभी राहिलेली सर्कशीतली लाल बाई. म्हणून झेनॉन तिला घोडेवाली म्हणायचा. बासष्टाव्या वर्षी माणूस यंत्रांना नावं द्यायला लागला की समजावं, घरात बोलायला कुणी उरलं नाही... पण ते खरं नव्हतं, खालच्या मजल्यावर आई होती.

घोडेवालीची पहिली कूस होऊन गेली होती. गेल्या आठवड्यात जुना रंग मशीननं घासून लाकूड उघडं केलं, खड्ड्यांत लांबी भरली, पांढरा हात दिला, आणि आज सकाळी साबणाचं पाणी मारून नवा छापील स्टिकर बसवला, रबराच्या पट्टीनं मधून बाहेर, मधून बाहेर, बुडबुडे ढकलत. तेच तारे, तीच बाई. फक्त आता सगळ्या कडा ब्लेडनं कापल्यासारख्या. ज्या कुणी संगणकावर हे चित्र नव्यानं काढलं त्याला धूळ मान्य नव्हती. गिऱ्हाइकांनाही नसते. त्यांना जुनी वस्तू हवी असते, पण कालच जन्मलेली.

मग त्यानं पेटी फिरवली, दुसरी कूस ओल्या फडक्यानं पुसली, काचकागद उचलला आणि धूळ दिसली. एका ताऱ्याला नाही. सातही ताऱ्यांना, आणि सगळ्यांना उजवीकडेच.

उजवीकडे, म्हणजे डाव्या हाताची.

हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. तो नऊ-दहा वर्षांचा असताना आईनं स्वयंपाकघरातल्या चार खुर्च्या अंगणात नेऊन रंगवल्या होत्या, पाठीवर एक एक फूल, पुठ्ठ्याचा साचा लावून, कारखान्यात करायची तसंच. फवारा डाव्या हातात. साचा उचलल्यावर फुलाच्या उजव्या कडेला रंगाची भुकटी दिसली तेव्हा ती हसली होती—बघ, मी डावीकडून मारते ना, म्हणून रंग उजवीकडे पळतो आणि साच्याखाली शिरतो. उजव्या हाताच्या बायकांचा डावीकडे शिरतो. माणसाची सही असते ही, झेनेक. आणि मग, फवारा धुता धुता, तिनं ती कारखान्यातली गोष्ट सांगितली होती. पेट्या परत आल्या. खात्यासमोर उभं केलं. डोळे घरी ठेवून येतेस का... एवढीच गोष्ट. ती पुढं काही बोलली नव्हती आणि त्यानं विचारलं नव्हतं, पण त्या दिवसापासून ती गोष्ट त्याच्या छातीत खिळ्यासारखी बसली. जत्रेत, प्रदर्शनात, जिथं जिथं तो यंत्रं घेऊन गेला तिथं त्यानं ती सांगितली. एकोणीस वर्षं माझ्या आईनं तुमच्या पेट्या रंगवल्या. या शहरात ही यंत्रं बनवायला मुभा होती आणि खेळायला बंदी होती, तेव्हा रंगवल्या. तिनं स्वतः त्यांवर एकदासुद्धा खेळून पाहिलं नाही. संध्याकाळी घरी येऊन शिंकली की रुमालात निळं पडायचं. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आया निळं शिंकतात.

त्यानं बोट त्या धुळीवर ठेवलं. हलकेच, झोपलेल्या माणसाच्या पापणीवर ठेवावं तसं. आई. ही तू आहेस. अठ्ठावीस वर्षांची.

आणि याच्यावर मी काचकागद फिरवणार होतो.

त्यानं फोन उचलून गिऱ्हाइकाला लावला. लुंड, दातांचा डॉक्टर, नेपरव्हिल या उपनगरातल्या आपल्या तळघरात खेळायची खोली सजवत होता. पेटी पुढच्या महिन्यात न्यायला येणार होता.

"डॉक्टर, एक विचारायचं होतं. एक बाजू जुनीच ठेवली तर?"

"झेन, तुम्ही अर्धी दाढी करून कधी लग्नाला गेला आहात का?"

"ऐका तर. मला वाटतं ती बाजू माझ्या आईनं रंगवलेली आहे."

पलीकडे चालू असलेला नळ बंद झाला. "वाटतं की आहे?"

"आहे. तिचा हात मला ओळखू येतो."

"अहो, मग आधी सांगायचं नाही का! ती बाजू भिंतीकडे नको, दाराकडे करू. खाली पितळेची एक छोटी पट्टी लावू, आईंच्या नावाची. माझा एक पेशंट करतो पट्ट्या, दात मात्र धड घासत नाही. चार वाजता फोन करतो, नावाची अक्षरं नीट सांगा. तुम्हा पोलिश लोकांची नावं म्हणजे—माझ्या तोंडात मावत नाहीत."

"तुमच्या तोंडात काही मावत नाही, तुम्ही लोकांच्या तोंडात असता," झेनॉन म्हणाला आणि दोघंही हसले. फोन ठेवल्यावर झेनॉनच्या लक्षात आलं की आपले डोळे भरलेत. ब्रोनिस्वावा पिएत्रास. पितळेत. दाराकडे.

घरात खालच्या मजल्यावर शेपू घालून केलेल्या आंबट काकडीच्या सूपचा वास होता. आई टेबलाशी बसून राय धान्याच्या काळसर पावाची कड सोलत होती. पंच्याऐंशीव्या वर्षी दातांना कड नको असते आणि जिभेला हवी असते. डोळ्यांत मधोमध काळोख बसला होता तिच्या, कडेकडेनं थोडंसं दिसायचं, म्हणून ती माणसाशी बोलताना दुसरीकडेच बघायची. नवख्याला वाटावं म्हातारी रुसली आहे.

"हात धुतलेस?"

"धुतले. आई, तुला एक गंमत दाखवायचीय. गॅरेजमध्ये चल."

"मला दाखवायचीय? बरा विनोद करतोस."

"हातानं बघ."

"सूप थंड होईल."

"झालं तर परत गरम करू."

तिला धरून नेताना त्याला नेहमी तिच्या कोपराचं हाड लागायचं आणि नेहमी नवल वाटायचं की इतकं थोडं उरलंय हिच्यात. दोन घरांमधल्या बोळातून, अंगणाच्या तीन पायऱ्या उतरून, हळूहळू. तिला त्यानं पेटीपाशी उभं केलं, तिची डावी तर्जनी धरून ताऱ्याच्या कडेवर ठेवली. रंगाची जाड कड बोटाला लागली तशी तिची मान वर झाली. ती ताऱ्याच्या पाचही टोकांवरून फिरली. मग पुढचा तारा. मग घोड्याची आयाळ. बोटांना विसर पडलेला नव्हता; ती साचा लावायच्या क्रमानंच जात होती, आधी निळं, मग लाल.

"घोडेवाली," ती म्हणाली. त्यानं तिला हे नाव सांगितलेलं नव्हतं. "आम्ही हिला घोडेवाली म्हणायचो."

"आई, धूळ आहे. उजवीकडे. तुझी सही."

बोट थांबलं.

"किती ताऱ्यांना?"

"सातही."

"आणि पलीकडची बाजू?"

"ती झाली. स्टिकरसुद्धा लागला."

"स्टिकर नाही विचारत मी. घासायच्या आधी कशी होती?"

कशी होती... त्यानं आठवून पाहिलं. साफ होती. इतकी साफ की त्यानं तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंच नव्हतं. धूळ असलीच तर केसाएवढी, आणि ती... "डावीकडे," तो म्हणाला. "अगदी बारीक, डावीकडे."

"ती अर्लीनची," आई म्हणाली.

हे नाव या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. ती पेटीकडे नाही, गॅरेजच्या दाराकडे बघत बोलत होती, म्हणजे पेटीकडेच बघत होती.

"अर्लीन टॉलिव्हर. आम्ही दोघी एका गाड्यावर. पेटी मधे, ती त्या बाजूला, मी या बाजूला. काळी होती, माझ्याहून उंच. हात असा स्थिर की फवाऱ्याला कळायचं नाही हलतोय म्हणून. मला म्हणायची, ब्रोनी, तू रंग मारत नाहीस, तू भांडतेस त्याच्याशी."

"बरं, मग?"

"मग अकरा पेट्या परत आल्या. एका बाजूला धूळ. पेटी गाड्यावरून फिरत पुढं गेली की कुठली बाजू कुणाची, कोण सांगणार? मुकादमानं विचारलं, ही बाजू कुणाची?"

"आणि तुला उभं केलं."

"दोघींना उभं केलं." तिनं कपाळावरचा केस मागे सारला. "मी म्हटलं, हिची."

गल्लीतून एक गाडी गेली. झेनॉनला तिचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

"तुला नाही विचारलं डोळे घरी ठेवून येतेस का म्हणून?"

"तिला विचारलं. मी शेजारी होते. मी तुला सांगितलं तेव्हा, कुणाला विचारलं ते सांगितलं नाही. तू धरून चाललास. मी चालू दिलं."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. माझ्याकडे पाहिलं. मग ॲप्रन काढला आणि घडी घातली. नीट घातली, झेनेक, चार कोपरे जुळवून, जशी उद्या परत येणार होती. तो शुक्रवार होता."

तिनं 'तू पाच वर्षांचा होतास' असं म्हणावं, 'तुझा बाप गेलेला होता' असं म्हणावं, अशी तो वाट बघत राहिला. म्हटलं असतं तर त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं असतं, तिला जवळ ओढलं असतं आणि सगळं पुन्हा तुमच्या माथी मारून मोकळा झाला असता. ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं परत विचारतील. एकदा तरी, मला एकटीला बोलावून. मी सांगितलं असतं. मी सोमवारी तयारी करून गेले होते सांगायची... कुणी विचारलंच नाही."

तो पेटीला वळसा घालून पलीकडे गेला. नवा स्टिकर ओला चमकत होता, सात तारे, सात निर्दोष तारे. याच्याखाली एका बाईचं काम होतं, आईच्या कामाहून चांगलं, आणि ते मी गेल्या मंगळवारी अर्ध्या तासात घासून टाकलं, निळा गाळ नळाखाली सोडला, शीळ घालत. ज्या बाईला तुम्ही दाराबाहेर काढलंत तिला मी लाकडातूनही काढलं. आणि ज्या बाजूला धूळ आहे तिच्या पितळेच्या पट्टीसाठी चार वाजता नाव सांगायचं आहे...

"त्या डॉक्टरला काय सांगणार?" आई म्हणाली. फोनवरचं त्याचं बोलणं तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं असणार. कान अजून तरणे होते तिचे.

"माहीत नाही."

"घासून टाक. स्टिकर लाव. सूप गार झालं असेल."

ती दाराकडे वळली, अंदाज चुकून पेटीखालच्या घोड्याच्या लाकडी पायाला अडखळली, आणि तो धावला. त्याच्या मुठीत तिचा हात आला, थंड, कागदासारखा. या हातानं मला भरवलंय. खुर्चीवर फूल काढून दिलंय. आणि त्या दिवशी बोट करायला तिनं कुठला हात उचलला होता, हाच की दुसरा, हे त्याला विचारावंसं वाटलं आणि विचारवेना. त्यानं हात सोडलाही नाही. उलट दुसराही हात वर ठेवला, दाबून, ऊब येईपर्यंत. दोघं तसेच उभे राहिले. काचकागद कुठं ठेवला ते त्याला आठवत नव्हतं. इतकी वर्षं जो राग तो अंगावर कपड्यासारखा घालून हिंडला तो राग अजून अंगावर होता, पण आता त्याला आतून बाही सापडत नव्हती.

तिनं बोट दाखवलं. मान्य. ते तिचं, ते मी तिच्याकडे बघून घेईन, ती आहे तोवर आणि मग मी आहे तोवर. पण तुम्ही? तुम्ही रोज काचेतून बघत होतात. कुठली बाई कुठल्या हातानं फवारा धरते हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? धूळ तुमच्या समोर होती, अकरा पेट्यांवर, सत्त्याहत्तर ताऱ्यांवर, सगळी उजवीकडे. दोघींना फक्त हात वर करायला सांगायचं होतं. तुम्हाला दिसत नव्हतं असं सांगू नका, मला आता तेही खरं वाटणार नाही. एका गोऱ्या बाईनं काळ्या बाईकडे बोट केलं आणि तुमचं काम झालं. दोन दिवस मधे होते. सोमवारी माझी आई तोंडात उत्तर घेऊन तुमच्या जिन्याखाली उभी होती.

तुम्ही तिला परत का नाही विचारलंत? सांगा. मी उभा आहे इथं.