हात घालायचा

दिपा राठोडचं डोकं फिरलं होतं, आणि का फिरू नये?

२००७ सालचा ऑक्टोबर. सोयाबीन कापणीला आलेलं. हिंगोलीत रामकिशन मालकांच्या कारखान्यात मळणीयंत्रं रंगवून उभी, फक्त सोबत द्यायची माहितीपुस्तिका अडलेली. तिचा मजकूर तिथंच नोकरीला असलेल्या दिपाचा. या कामाची तऱ्हाच न्यारी. पान सजवायचं नाही, मजकुराला नुसत्या खुणा लावायच्या. हे शीर्षक, ही पायरी, हा धोक्याचा इशारा. अक्षर केवढं, चौकट कुठं, ते सगळं पुण्याच्या छापखान्यातल्या साच्यात ठरलेलं. खुणांची फाइल तिकडं धाडायची, हरीश नावाचा गडी ती साच्यातून काढायचा, की झाली छपाईची पीडीएफ तयार.

पीडीएफ आली. नववं पान उघडलं आणि दिपाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं लिहिलं होतं, ‘चालू मशीनच्या तोंडात हात घालायचा नाही.’ चौकटीत आलं होतं, ‘चालू मशीनच्या तोंडात हात घालायचा’.

तिनं ताबडतोब पुण्याला फोन लावला.

"मॅडम, चौकटीचं माप इंग्रजी पुस्तिकेचं आहे," हरीश म्हणाला. "एकच ओळ मावते, जास्तीचं आपोआप कापलं जातं. एक शेवटचा शब्द तर गेलाय!"

"अहो, इंग्रजीत नकार आधी येतो, आपल्याकडं शेवटी! शेपूट कापलं म्हणता, मुंडकं उडवलंय तुमी!"

"अर्थ कळतो हो लोकांना. आणि खरं सांगू? तिकडं पुस्तिका वाचतं कोण? मी छापायलाही दिली."

तिकडं! वा रे शहाणे! तिकडच्या माणसाला मशीन विकताना तो तुम्हाला दिसतो, आणि वाचायची वेळ आली की आंधळा होतो काय? दिपाला रडू यायच्या बेतात होतं, पण ते रागाचं होतं.

दाराजवळच्या बाकावर तिचे वसराम काका बसले होते. बाजाराला आले की ते पुतणीला भेटूनच तांड्यावर परतायचे. काकांचा उजवा हात मनगटापासून नव्हता. चार वर्षांपूर्वी डोंगरकडा गावात, चालू मशीनमध्ये अडकलेली पेंढी ढकलताना गेला. त्या हातासाठीच तर दिपानं नववं पान तीनदा लिहिलं होतं.

तिनं ते पान छापून काकांच्या मांडीवर ठेवलं आणि फोनचा स्पीकर चालू केला. "काका, ही चौकट जरा मोठ्यानं वाचा. पुण्याचे साहेब ऐकून राहिलेत."

काका चौथी शिकलेले. डाव्या हाताचं बोट ओळीखालून सरकवत त्यांनी सावकाश वाचलं, "चालू... मशीनच्या... तोंडात... हात घालायचा." मग बोट थांबलं. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. तिथं काहीच नव्हतं.

"काहून गं पोरी? आता घालायचा म्हणून राहिले व्हय हे?"

मग हरीशनं हळूच विचारलं, "काका, तुम्ही चालवता का मशीन?"

"चालवत व्हतो," काका म्हणाले. "आमच्या वक्ताला पुस्तक न्हवतं, म्हणून हात गेला साहेब. आता लोकायचे हात पुस्तक वाचून जातील."

"छपाई थांबव! अरे, आधी मशीन बंद कर!" पलीकडं हरीश कुणाला तरी ओरडून सांगत होता.