प्रेषिताच्या हातातली रापी

मी एक जुनी रापी आहे, मित्रांनो. रापी म्हणजे चामडं कापायचं, तासून पातळ करायचं रुंद पात्याचं हत्यार. माझं पातं झिजून निम्मं झालंय, पण जिभेची धार शाबूत आहे, तेव्हा नीट ऐका.

लोहारानं मला एका तुटक्या कानशीपासून घडवलं. जोड्यांच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिरानं मला अंगठ्यावर तपासलं आणि म्हटलं, "ही कामाची आहे." त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांच्या हाती मी तीस वर्षं राबले. नव्या माणसाचा हातही मामा माझ्यावरच बसवायचे. आजचे मुकादम तेव्हा नवखे होते. बुटाचा पहिला तळवा त्यांनी माझ्यानंच कापला, आणि तोही वाकडा! अजून आठवलं की हसू येतं.

मामांचे डोळे थकले तेव्हा त्यांनी मला गल्लीच्या टोकाच्या चर्चला दिलं. तिथे प्रेषित बर्थलमय याचा लाकडी पुतळा आहे. परंपरा सांगते, की राजाच्या हुकमानं त्याची जिवंतपणी कातडी सोलली. म्हणून त्याच्या हातात सुरी दाखवतात आणि चामड्याचं काम करणारे त्याला आपला माणूस मानतात. या पुतळ्याची लाकडी सुरी वाळवीनं खाल्ली होती. तिच्या जागी मी गेले. देण्याआधी मामांनी मला दगडावर घासून झकास धार लावली. पुतळ्याला धार कशाला हवी? पण बोथट हत्यार कुणाच्या हाती द्यायचं नाही, ही त्यांची सवय.

मान मोठा होता, पण खरं सांगू? मी कंटाळले. लोक हात जोडायचे त्याला, आणि धूळ बसायची माझ्यावर.

मग एका सोमवारी डावऱ्यानं मला अलगद काढून नेलं. डावरा म्हणजे कारखान्यातला डावखुरा कारागीर. त्याची रापी मोडली होती. ज्यानं त्यानं आपलं हत्यार आणायचं हा कारखान्याचा नियम, म्हणून मुकादमांनी त्याला घरी बसवलं होतं. आता तो खिडकीपाशी बसून लोकांचे जोडे दुरुस्त करू लागला. शनिवारी मला धार लावून, पुसून परत पुतळ्याच्या हाती ठेवायचा आणि सोमवारी पुन्हा न्यायचा. चर्चमध्ये लोक रविवारीच यायचे, त्यामुळे दोन वर्षं असं चाललं. चोरीची का होईना, मी कामाला लागले होते. मी खुशीत होते.

एका गुरुवारी झाडलोट करणाऱ्या मावशी अचानक पुतळा पुसायला आल्या आणि ओरडल्या, "अगं बाई, रापी कुठंय?" तासाभरात मी डावऱ्याच्या घरी सापडले. सगळा कारखाना चर्चच्या पायऱ्यांवर जमला. ऐरण आणली, हातोडा आणला. नियम कडक होता. चोराची हत्यारं सगळ्यांदेखत मोडायची, आणि मग कुठल्याच कारखान्यानं त्याला काम द्यायचं नाही. डावऱ्याची बायको कडेवर मूल घेऊन रडत होती.

"देवाची वस्तू चोरतो? सोलून काढा त्याला!" कुणीतरी ओरडलं. मग त्या ओरडणाऱ्याची नजर उघड्या दारातून पुतळ्याकडे गेली आणि त्यानं जीभ चावली. बाकीचे मात्र थांबेनात.

मुकादम म्हणाले, "आणा याची हत्यारं."

बायकोनं गाठोडं आणलं. आत मोडक्या रापीची नुसती मूठ निघाली.

"यात मोडायचं काय?" मुकादम गोंधळले.

तेवढ्यात काठी टेकत मामा आले. त्यांनी मला हातात घेऊन अंगठा फिरवला. "दर रविवारी मी हिची धार बघतो. दोन वर्षं झाली, ती उलट्या अंगाला लावलेली असते. आपल्यात डावखुरा एकच आहे. मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"बोललो असतो, तर आज करताय ते तुम्ही तेव्हाच केलं असतं. धारेची रापी शोभेला ठेवली, ती चूक माझी. आणि बाबांनो, या प्रेषिताला सोललं, तेव्हाही हुकूम रीतसरच होता." मामांनी मला ऐरणीवर ठेवलं. "याच्या घरात चालतं हत्यार हे एवढंच. नियम आहे ना? मोड."

मुकादमांनी हातोडा उचलला. मित्रांनो, माझ्या तोंडचं पाणीच पळालं! ते माझ्याकडे बघत राहिले. हातोडा वर तसाच. मग तो हळूहळू खाली आला आणि ऐरणीच्या बाजूला टेकला.

"पहिला तळवा हिनंच कापला होता मी," ते पुटपुटले.

"वाकडा," मामा म्हणाले.

मुकादमांना रडू आलं की हसू, कुणालाच कळलं नाही. डोळे पुसून ते म्हणाले, "डावऱ्या, सोमवारी हिला घेऊन कामावर ये. पण त्याआधी पुतळ्याच्या हातात काहीतरी दे."

डावऱ्यानं जोड्याच्या जुन्या लाकडी साच्यातून सुरी कोरली. बोथट आहे बिचारी, पण तिचाही उतार उलट्या अंगालाच आहे. मामा दर रविवारी तिच्यावर अंगठा फिरवतात आणि गालात हसतात.

मी आता डावऱ्याच्या हातात रोज झिजते, आणि मजेत आहे. माझं एवढंच मागणं आहे. हत्यार पुसून ठेवा, वापरत राहा. आणि कधी कुणाला शिक्षा करायला हातोडा उचललात, तर खाली आणण्याआधी ऐरणीवर काय आहे ते एकदा बघा. मुकादमांनी बघितलं, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतेय.