सरलष्करांची पाटी

ईट गावाच्या पुढं असलेल्या आमच्या गावात मारुतीच्या पारापासून वेशीपर्यंतच्या रस्त्याला सरलष्कर हैबतराव मार्ग म्हणतात. हैबतराव पेंढाऱ्यांशी लढले, एवढंच सगळ्यांना ठाऊक. यंदा त्यांचे वंशज, ग्रामपंचायत सदस्य रणधीर यांनी तिथं इतिहासाची पाटी लावायचं ठरवलं आणि मजकुराचं काम हायस्कूलच्या पौर्णिमा मॅडमवर सोपवलं.

"चार ओळी लिहा, मॅडम. दोन्ही हातांत तलवारी, असं कायतरी."

"मग घोड्याचा लगाम कुणी धरला होता?"

रणधीर विचारात पडले. "एकच तलवार लिहा."

पौर्णिमाला हैबतराव एकाही पुस्तकात सापडेनात. शेवटी ती त्याच रस्त्यावर राहणाऱ्या नव्वदीच्या द्वारकाबाईंकडं गेली. म्हातारी लसूण सोलत बसली होती.

"लढला?" ती खो खो हसली. "पेंढारी आले तसा आमच्या कणगीत शिरला. दोन दिस तिथंच हुता. मग आमच्या खापरपणजीचं लुगडं नेसून, डोईवर शेणाचं घमेलं घेऊन, ह्याच रस्त्यानं पळाला!"

पौर्णिमाला हसू आवरेना. पण खरं लिहिलं तर रणधीर भडकणार, आणि खोटं लिहायला तिचा हात धजेना. तिनं एकच ओळ लिहून दिली : 'पेंढाऱ्यांच्या स्वारीवेळी सरलष्कर हैबतराव या मार्गाने अत्यंत वेगाने गेले.' रणधीरना ती लई आवडली.

अनावरणाला त्यांनी ओळ मोठ्यानं वाचली. "बघा, काय तो वेग!"

"वेग असणारच की!" द्वारकाबाई पुढच्या खुर्चीतून ओरडल्या आणि त्यांनी लुगड्यासकट सगळं सांगून टाकलं. मंडपात हशा पिकला.

रणधीर लालबुंद झाले. "आजी, तुमी आमच्या पूर्वजाला भित्रा म्हणता?"

"आरं, तवा त्याचं लगीनबी झालं नव्हतं. तिथंच मेला असता तर तू कुठनं आला असतास?"

रणधीरनी बोटांवर पिढ्या मोजल्यागत केलं. मग स्टेजवरनं उतरून ते म्हातारीच्या पाया पडले.

"काय नाव हुतं हो तुमच्या खापरपणजीचं?"

"गोदू."

आठवड्याभरात पेंटरनं पाटीवर दुसरी ओळ रंगवली : 'त्यासाठी लागणारी सर्व मदत गोदाबाईंनी केली.'