ठिपकेवाली घोडी

मी एक जुनी घोडी आहे, मित्रांनो. हसू नका! मला शेपूट नाही आणि मी दाणाही खात नाही. व्हायोलिनच्या पोटावर मधोमध उभी राहून चारही तारा डोक्यावर पेलते, ती लाकडाची चिमुकली घोडी मी. तारेची थरथर माझ्या पायांतून लाकडात उतरते, तेव्हा कुठे सूर घुमतो. काम मोठं, पण जीव एवढासा. म्हणून तर पाकिटात कोंबता आलं.

कारखान्यात माझे पाय मुद्दाम जाड आणि सपाट ठेवले होते. प्रत्येक व्हायोलिनचं पोट वेगळं असतं, म्हणून ज्याच्या घरी जाऊ त्याने आमचे पाय तासून बसते करायचे, अशी आमची रीत. पण ती पाकिटावर कुणी छापलीच नाही. इथेच घोडं पेंड खातं, म्हणतात ना, तसं झालं.

मी आले त्या घरात एक म्हातारे बाबा आणि त्यांची लेक राहत होती. बाबांची जुनी घोडी वाद्य पडून मोडली होती. त्यांचे कान दिवसेंदिवस जात होते. "जे ऐकायचंय ते आताच ऐकून घ्या," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबांना दुसरं काही नको होतं, स्वतःचं व्हायोलिन कान भरून ऐकायचं होतं.

त्यांनी मला वाद्यावर ठेवलं आणि मी डुगडुगले.

"सदोष माल पाठवलाय मेल्यांनी!" बाबा कडाडले. माझ्या पायाच्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने ठिपका काढला. "इथे बघा म्हणावं."

अहो, तासा मला, तासा! मी आतल्या आत ओरडत होते. पण तारांवाचून मला कुठला आवाज? आणि बाबांनी जन्मभर वाजवलं खरं, पण घोडी बसवली होती त्यांच्या गुरुजींनी. नवी कोरी घोडी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

लेकीने दुकानाला फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग वाट पाहणाऱ्यांसाठी व्हायोलिनची धून सुरू झाली. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बाबा ओरडले, "कोण हा गाढव? तिसरी तार उतरलीये त्याची!"

शेवटी एक मुलगी बोलली. फार गोड बोलली. "मॅडम, 'डुगडुगते' असं कारण आमच्याकडे नाहीये. 'तुटलेलं' टाकू का?"

"अहो, तुटलेली नाहीये ती!"

"मग 'आवडलं नाही' टाकते हं, बदली नग पाठवू. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

झालं! मी पुन्हा पाकिटात. गोदामात एकाने माझ्याकडे न बघता नवं लेबल चिकटवलं आणि मी आधी ज्या खोक्यात होते त्याच खोक्यात मला टाकलं. तिथे ना उजेड, ना वारा. प्लॅस्टिकमधून खोक्याची भिंत तेवढी दिसायची. माझ्यासारख्या किती जणी तिथे पडल्या होत्या. सगळ्यांना पाय होते, पण उभं राहायला जागा नव्हती. मला सारखे बाबांचे कान आठवत. ते थोडेच माझ्यासाठी थांबणार होते?

खूप दिवसांनी कुणीतरी मला उचललं. बदली नग म्हणून मला पाठवलं, आणि कुठे? त्याच घरी!

"अगं, ही तर तीच!" ठिपका पाहून बाबा म्हणाले. लेकीचा पारा चढला. तिने फोन लावून टेबलावर ठेवला. तीच धून खोलीभर वाजू लागली.

बाबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "लागला का गं फोन? काहीच वाजत नाहीये."

लेकीने फोन बंद केला आणि मला तळहातावर घेऊन पहिल्यांदाच नीट पाहिलं. ती कवळ्या बनवण्याच्या कामावर होती. माझ्या सपाट पायावर अंगठा फिरवत ती पुटपुटली, "कवळी तरी कुठे पहिल्याच दिवशी बसते?"

दुसऱ्या दिवशी तिने कामावरून निळा कागद आणि बारीक कानस आणली. कागद माझ्या पायांखाली ठेवायचा, मला दाबायचं, निळा डाग उठेल तिथे घासायचं. दुखलं, पण किती बरं वाटलं म्हणून सांगू! संध्याकाळी मी घट्ट उभी राहिले. तारा चढल्या.

बाबांनी वाद्य मांडीवर घेऊन तार छेडली. चेहरा पडला. "गेले गं कान," म्हणत ते वाद्य खाली ठेवू लागले. लेकीने ते उचलून त्यांच्या खांद्यावर टेकवलं आणि खुणेने सांगितलं, हनुवटी दाबा.

गज फिरला. थरथर माझ्यातून लाकडात गेली, लाकडातून त्यांच्या जबड्याच्या हाडात. बाबांनी डोळे मिटले. बराच वेळ ते वाजवत राहिले. मग म्हणाले, "तिसरी उतरलीये गं."

खरंच उतरली होती. लेक हसता हसता रडली.

बाबा त्यानंतर रोज वाजवायचे, पण ते हाडाने ऐकणं. कानाने मात्र त्यांनी मला एकदाही ऐकलं नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू बसत नसली, तर परत पाठवण्याआधी ती हातात घेऊन नीट बघा. आणि परत आलेली वस्तू तुमच्या हाती पडली, तर तिच्यावरचा ठिपकाही बघा. आम्हाला तोंड नसतं हो. पाकिटात माझे दिवस गेले त्याचं मला काही नाही. पण ते दिवस बाबांच्या कानांचे होते.