वाल्मिकचा तांब्या

मी एक जुना पितळी तांब्या आहे. जुना हे माझ्याच तोंडून ऐकून घ्या, कारण दिसायला मी आता अगदी नवाकोरा आहे. पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत, काचेच्या कपाटात, लाल मखमलीवर मला बसवलं आहे. समोर पाटी लावली आहे, 'दुसऱ्या महायुद्धातील वीर सैनिकाचा तांब्या'. येणारी-जाणारी मुलं म्हणतात, काय चकाकतोय बघ! मित्रांनो, याच चकाकीनं माझा घात केला. तो कसा, ते आज सांगून टाकतो. जरा कडू बोलेन, पण खोटं बोलणार नाही.

शेवगावच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि आतून पांढरीशुभ्र कल्हई केली. बाजारच्या दिवशी कडूबाई नावाची बाई दुकानात आली. तिचा एकुलता एक मुलगा वाल्मिक पलटणीत भरती झाला होता आणि आता बोटीनं लढाईवर निघाला होता. तिनं मला उचललं, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला, बुड तपासलं आणि मगच पसंत केलं. मग तिनं तांबटाला माझ्या पोटावर मुलाचं नाव घालायला सांगितलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, तुमच्या घरीही असेल. तांबटानं बारीक छिन्नीनं टिंब टिंब ठोकत 'चि. वाल्मिक' असं लिहिलं. कडूबाईला वाचता येत नव्हतं. घरी गेल्यावर वाल्मिकची धाकटी बहीण चांगुणा त्या टिंबांवरून सारखी बोट फिरवत बसली.

निघताना कडूबाई मुलाला म्हणाली, "एवढ्या मानसात भांडं बदलायला नको, म्हनून नाव घातलंय. ह्यो तांब्या घेऊनच माघारी यायचं."

मुंबईच्या गोदीत ती बोट पाहिली तेव्हा वाल्मिकचे डोळेच विस्फारले. त्याच्या अख्ख्या गावाची घरं तिच्यात मावली असती. पण आत गेल्यावर कळलं की आमची जागा पार तळाशी आहे. छताला टांगलेल्या झोळ्यांत माणसं झोपत. एकाचे पाय दुसऱ्याच्या तोंडाशी. शत्रूच्या पाणबुडीला उजेड दिसू नये म्हणून अंधार पडला की खिडक्या गच्च बंद, आणि मग तिथला वास काय सांगू! निम्मी माणसं ओकत होती, उरलेली ते बघून ओकत होती. वर मोकळ्या हवेत गोरे साहेब खुर्च्या टाकून बर्फाचं सरबत पीत. लढाई त्यांची, बोट त्यांची आणि वाराही त्यांचाच. आम्हाला मात्र कवायतीपुरतं वर नेत आणि पुन्हा खाली कोंबत.

अवतीभवती सगळं पाणीच पाणी, आणि प्यायला मात्र मोजकं. सकाळी थोडा वेळ गोड्या पाण्याचा नळ सोडत. रांगेत ढकलाढकली व्हायची, भांड्यांची अदलाबदल व्हायची, त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. मला कुणी उचललंच, तर वाल्मिक नुसतं नावावर बोट ठेवायचा. मला तेव्हा केवढा अभिमान वाटायचा! अंघोळ खाऱ्या पाण्याची, तिला साबणाचा फेस येत नसे. अंगाला मिठाची खरखर घेऊन माणसं खाजवत बसत.

तिथंच वाल्मिकला भिमाजी भेटला. तो पारनेरकडचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. दोघांच्या झोळ्या शेजारी होत्या. कुणाचा तालुका जास्त कोरडा, यावर ते दिवसभर भांडत. वाल्मिक म्हणायचा, तुमच्या पारनेरात नुसती दगडं पिकतात. भिमाजी म्हणायचा, तुमच्याकडं तर तीही धड पिकत नाहीत. मग दोघंही पोट धरून हसत. त्या बोटीवर मी ऐकलेलं हसू तेवढंच.

तांबड्या समुद्रात शिरल्यावर उष्म्यानं कहर केला. लोखंडाला हात लावला तर चटका बसे. वाल्मिकला ताप भरला. डॉक्टर एकदा आला, गोळी दिली आणि नाक दाबून वर निघून गेला. भिमाजी आपल्या वाटणीचं पाणी माझ्यात ओतून त्याला पाजत राहिला. स्वतः मात्र ओल्या फडक्यानं ओठ पुसायचा. शेवटच्या सकाळी वाल्मिकनं दोन घोट घेतले आणि त्याचा हात धरला.

"भिमा, तांब्या आईला नेऊन दे. तिला म्हनावं, पानी मिळालं हुतं."

त्याला घोंगडीत शिवलं, पायाला लोखंड बांधलं आणि फळीवरून समुद्रात सोडलं. पाणबुडीच्या भीतीनं बोट थांबलीसुद्धा नाही. ना लाकडं, ना अग्नी, ना राख. त्या दिवशी मिळालेलं गोडं पाणी भिमाजीनं माझ्यात काठोकाठ भरून घेतलं आणि सगळंच्या सगळं वाल्मिकच्या मागं ओतलं. त्या दिवशी तो तहानलेलाच राहिला.

लढाई संपली आणि भिमाजी मला घेऊन घरी परतला. त्याच्या आईनं हा कुणाचा तांब्या म्हणून विचारलं, त्यानं खरं ते सांगितलं. मेल्या माणसाच्या तोंडाला लागलेलं भांडं घरात नको, असं म्हणत तिनं मला चिमट्यात धरून गोठ्यात ठेवलं. मी बोटीवर एका माणसाची तहान भागवली आणि घरी येऊन अपशकुनी ठरलो. वा रे न्याय! भिमाजी मनात म्हणायचा, पेरणी झाली की शेवगावकडं जाईन. मग म्हणायचा, सुगी झाली की जाईन. त्याचे पाय काही वळले नाहीत.

शेवटी कडूबाईच आली. वाल्मिकनं वाटेतल्या बंदरातून धाडलेल्या पत्रात भिमाजीचं आणि त्याच्या गावाचं नाव होतं. थोडी मोटारीनं, थोडी बैलगाडीनं आणि उरलेली पायी. ओट्यावर टेकली आणि म्हणाली की वाल्मिक गेल्याचा सरकारचा कागद आलाय, पण कागदावर माझा भरवसा नाही. तांब्या आला तर मानीन. मी भिंतीपलीकडे गोठ्यात पालथा पडलो होतो. मला वाटलं, आता भिमाजी उठेल, आता मला आणून तिच्या हातात ठेवील.

पण कडूबाई पुढं काय विचारील, हे त्याला ठाऊक होतं. अग्नी कुणी दिला, असंच ती विचारणार. पाण्यात सोडला, बोट थांबलीही नाही, हे तिला सांगायचं कसं?

"सुवेजला उतरल्यावर आमची ताटातूट झाली, मावशी," तो खाली मान घालून म्हणाला. "दुसऱ्या पलटनीत गेला त्यो. यील."

कडूबाईचा चेहरा खुलला. तिनं भिमाजीच्या तोंडावरून हात फिरवला, भाकरी खाल्ली आणि निघून गेली. मित्रांनो, मला भिमाजीची कीव येते आणि रागही येतो. माया करायला गेला आणि एका घराला जन्माची वाट बघायला लावून बसला.

त्यानंतर कडूबाईच्या घरी पित्रांत सगळ्यांच्या नावानं घास पडला, फक्त वाल्मिकच्या नावानं नाही. जित्या माणसाचा घास टाकीत नाहीत, असं ती म्हणायची. मरताना तिनं चांगुणालाही तेच बजावलं, की तांब्या आल्याबिगर टाकू नको. इकडे भिमाजी दर पित्रांत गोठ्यात येई, मला राखेनं घासे, चोरून एक घास पत्र्यावर ठेवी आणि वाल्मिकचं नाव घेऊन माझ्यातलं पाणी सोडी. घरच्यांना वाटे, म्हातारा गुरांचं काहीतरी करतोय. तो गेल्यावर तेही थांबलं. पुढं मी गुरांना औषध पाजायच्या कामी आलो आणि मग अडगळीत पडलो. माझ्यावर हिरवा कळंक चढला. पण त्याच्याखाली नाव शाबूत होतं.

यंदा भिमाजीचा नातू आबासाहेब याला आजोबांची आठवण आली. गावात त्याला मान आहे, बोलायची हौसही आहे. शाळेत सैनिकांचं दालन करायचं ठरलं, तसं त्यानं मला शोधून काढलं आणि नागापूरच्या एमआयडीसीत पॉलिशला दिलं. तिथला कारागीर भला होता. त्यानं फोन करून विचारलं की साहेब, यावर टिंबांनी काहीतरी लिहिल्यासारखं दिसतंय, ठेवायचं का?

"खड्डे-बिड्डे सगळे काढा," आबासाहेब म्हणाला. "आरशासारखा पायजे."

चाक फिरलं. आधी कळंक उडाला, मग 'चि.' गेलं, मग एक एक अक्षर. बोटीवर इतक्या माणसांत जे नाव हरवलं नाही, ते चहा थंड व्हायच्या आत पुसलं गेलं. त्या जागी मशीननं सुबक अक्षरं कोरली, 'कै. भिमाजी यांच्या स्मरणार्थ, आबासाहेब यांजकडून सप्रेम भेट'.

पंधरा ऑगस्टला दालनाचं उद्घाटन झालं. माझा फोटो मोबाईलवरून फिरत फिरत शेवगावकडे चांगुणाबाईच्या घरी पोचला. चांगुणाबाई आता नव्वदीच्या पुढं आहे. भिमाजीचं आणि गावाचं नाव ऐकताच तिनं आपल्या नातीला, सत्यशीलाला, पाठवलं. सत्यशीला ऊसतोडीला जाते. हंगाम सुरू व्हायचा होता म्हणून तिला येता आलं. आबासाहेबानं तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि मोठ्या मनानं मला काढून तिच्या हातात दिलं. तिनं मला गोल फिरवून पाहिलं, मग पोटावरून हळूहळू बोट फिरवलं. इतक्या वर्षांनी त्या घरचं बोट मला लागलं, आणि त्याला सापडावं असं माझ्या अंगावर काहीच नव्हतं. तिनं विचारलं, यावर आधी दुसरं कुणाचं नाव होतं का? आबासाहेब म्हणाला, छे हो ताई, जुनाट खड्डे होते नुसते. तो खोटं बोलत नव्हता, हेच जास्त वाईट. त्यानं कधी वाचलंच नव्हतं.

सत्यशीलानं तिथूनच फोन लावला. पलीकडून चांगुणाबाईचा कापरा आवाज आला, "नाव हाय का गं त्येच्यावर?"

"हाय आज्जे. पर भिमाजीचं हाय, अन् त्येंच्या नातवाचं."



"मंग त्यो न्हवं," चांगुणाबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दी. दादा आसंल कुठंतरी."

सत्यशीलानं मला पुसून परत मखमलीवर ठेवलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून ती निघाली. मी ओरडलो असतो, पण तांब्याला आवाज टिचकी मारल्यावरच फुटतो, आणि टिचकी मारायला कुणी नव्हतं.

मित्रांनो, घरातलं जुनं भांडं घासायच्या आधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा, एवढं तर मी सांगणारच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. पित्रं जवळ आली आहेत आणि चांगुणाबाई फार थकली आहे. तुमच्यापैकी कुणी शेवगावकडं जाणार असेल तर तिच्या दारात जा. तिला सांगा, वाल्मिक बोटीवरच गेला. शेवटी तोंडात पाणी पडलं, आणि ते गोडं होतं. आता त्याच्या नावाचा घास टाका, बाई.