शेवटच्या चरातला नेव्हिल

मित्रांनो, मी एक जुनी काळी तबकडी आहे. अंगावर ओरखडे आहेत आणि कव्हराचा एक कोपरा कुत्र्याने चावलेला आहे. इंग्लंडमधल्या हल शहरात, हेसल रोडवरच्या, लोकांनी दिलेलं जुनं सामान विकणाऱ्या एका धर्मादाय दुकानात मी हिवाळाभर खोक्यात पडून होते. तिथे मला एकच ध्यास होता. डॉरीन स्टॅथर नावाच्या म्हातारीकडे मला परत जायचं होतं, कारण तिच्या मुलाचा आवाज माझ्यापाशी होता आणि तिच्याकडे तो दुसऱ्या कशातच नव्हता.

‘पेपर लॅम्प्स’ नावाच्या गाणाऱ्या चार पोरांचा मी पहिला अल्बम. चौघेही मासळी बंदरामागच्या गल्ल्यांत वाढलेले. डॉरीनचा नेव्हिल त्यांच्यात ड्रम वाजवायचा. लीड्सच्या स्टुडिओत दिवसभराचं काम संपलं की तो भिंतीवरच्या फोनवरून घरी ओरडून सांगायचा, “आई, चहा टाक, आलोच!” लीड्स म्हणजे काही कोपऱ्यावरची गल्ली नव्हे. तो घरी पोचेपर्यंत त्या चहाचा काढा व्हायचा. बाकीची पोरं त्याची टर उडवायची, “अरे, आधी निघ तरी, मग ‘आलोच’ म्हण!”

एकदा टेप चालू राहिली आणि हे वाक्य टेपवर आलं. पोरांना लहर आली. माझ्या दुसऱ्या बाजूला, गाणी संपल्यावर सुई ज्या बंद चरात नुसती गरगर फिरत राहते, त्या चरात त्यांनी ते वाक्य भरलं. शेवटचं गाणं संपलं की नेव्हिल म्हणायचा, “आई, चहा टाक, आलोच!” आणि कुणीतरी उठून सुई उचलेपर्यंत म्हणतच राहायचा.

गंमत अंगाशी आली. लोकांना वाटलं, तबकडी अडकते आहे. इथली माणसं दुकानात जाऊन भांडत नाहीत. “माफ करा हं, तुम्हाला उगाच त्रास,” असं पाचदा म्हणून वस्तू परत करतात. अशी माफी मागत मागत त्यांनी माझ्या सगळ्या जुळ्या बहिणी परत केल्या. कंपनीने त्या वितळवल्या आणि नेव्हिलचं वाक्य काढून टाकून नव्या तबकड्या छापल्या. त्या लाखांनी खपल्या. त्या वर्षी गावात असं घर नव्हतं जिथे आमचा अल्बम नव्हता. पण अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ते खोटं नाही. आज कुठल्याही जुन्या सामानाच्या दुकानात आमच्यापैकी दोघी-तिघी सापडतात आणि लोक आम्हाला बाजूला सारून पुढचं बघतात.

मी वाचले, कारण पहिल्याच आठवड्यात नेव्हिलने मला आईच्या हातात दिलं होतं. “शेवटपर्यंत ऐक हं, तुझ्यासाठी निरोप ठेवलाय,” असं म्हणाला होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, एका कार्यक्रमाहून परतताना, धुक्यात त्यांची गाडी उलटली. बाकीचे तिघे वाचले. निघण्याआधी नेव्हिलने नेहमीप्रमाणे फोन केला होता आणि डॉरीनने नेहमीप्रमाणे चहा टाकला होता.

पुढे कितीतरी वर्षं मी रविवारची वाट पाहत जगले. दुपारचं जेवण व्हायचं, भांडी घासून व्हायची आणि डॉरीन पुढच्या खोलीचं दार लावून घ्यायची. तिची मुलगी गेनोर तेवढ्यात कोट चढवून बाहेर पडायची. भावाचे ड्रम तिला ऐकवत नसत. या घरात दुःखावर कुणी बोलत नाही, चहा करतात. त्यामुळे आई आत काय ऐकते हे गेनोरने कधी विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही. गाणी संपायची. नेव्हिल हाक मारायचा. “टाकलाय रे बाबा, ये लवकर,” डॉरीन म्हणायची. मग थोडा वेळ त्याला बोलू द्यायची आणि हळूच सुई उचलायची. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. सुईच्या प्रत्येक फेऱ्याला माझ्यातला नेव्हिल तसूभर झिजत होता हे मला कळत होतं, पण मी तक्रार केली नाही.

म्हातारपणी डॉरीनला वृद्धाश्रमात हलवलं. सामान नेताना जुना प्लेअर फुटला. गेनोर गुणाची पोर. तिने दुसऱ्याच दिवशी नवा आणला. गाणी संपली की या नव्या शहाण्याची सुईची दांडी आपोआप उठायची आणि जागेवर जाऊन बसायची. शेवटच्या चरापर्यंत सुई येतच नव्हती! मी आतून आकांत करत होते, अजून थोडं थांब, अजून एक बोट! पण यंत्राला कसली दयामाया?

“तो आला नाही,” डॉरीन म्हणाली.

“कोण गं?”

“नेव्हिल. तुझं हे यंत्र त्याला दारातूनच परत पाठवतं.”

गेनोरचा चेहरा पडला. “आई, नेव्हिलला जाऊन किती वर्षं झाली.”

“ते मला शिकवू नकोस! मी पुरलंय त्याला. ते नीट लाव आधी. चहा टाका कुणीतरी, तो येईल.”

मग रोज तेच सुरू झालं. दार वाजलं की डॉरीन उठून किटलीकडे धावायची. एकदा पडलीसुद्धा. तिथली सेविका गेनोरला हळूच म्हणाली, “म्हातारी त्या एका वाक्यावर अडकलीय हो.”  ‘अडकली’ या एकाच शब्दापायी माझ्या बहिणी वितळल्या होत्या.

गेनोरला वाटलं, माझ्या ओरखड्यांमुळे आई चिडते. ती हेसल रोडवरच्या दुकानातून आमच्याच अल्बमची एक स्वच्छ तबकडी घेऊन आली. “बघ आई, कशी कोरी करकरीत आहे!”

“ही नव्हे. कुत्र्याने चावलेली दे.”

“अगं, तीच आहे, फक्त नवी.”

“गेनोर, तुझ्या पाया पडते, ती नेऊ नकोस!”

गेनोरने डोळे पुसले आणि मला पिशवीत घातलं. आईच्या भल्यासाठीच तिने ते केलं. मित्रांनो, वाईट माणसाने फेकून दिलं असतं तर मी निदान त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

दुकानात क्लिफर्ड नावाचा एक निवृत्त बसचालक बिनपगारी काम करतो. त्याने मला पाहून नाक मुरडलं आणि खोक्यात टाकलं. शेकडो हात माझ्यावरून गेले. वाजवा मला, असा टाहो मी मनातल्या मनात फोडायचे. पण सुई टेकल्याशिवाय तबकडीला तोंड फुटत नाही.

मार्चमध्ये एके दिवशी गेनोर दुकानात आली. तिच्या हातात डॉरीनचा निळा कोट होता. मी तो ओळखला आणि माझी आशाच संपली. गेनोरने कोट ठेवला, किटली ठेवली, तो शहाणा प्लेअर ठेवला आणि वर ती कोरी तबकडी.

“आई गेली का, पोरी?” क्लिफर्डने विचारलं.

“मंगळवारी. शेवटपर्यंत एकच, चहा टाका म्हणून. मी टाकायचे, पण ती प्यायचीच नाही.”

 क्लिफर्डने कामात डोकं घातलं. “ही तबकडी अजून एक आहे बघ आमच्याकडे. दोन कशाला ठेवायच्या? जी वाईट वाजेल ती वितळवून वाडगे करणाऱ्या बाईला देतो.” दुकानातल्या जुन्या प्लेअरवर, ज्याची दांडी हातानेच उचलावी लागते, त्याने मला ठेवलं आणि सुई थेट शेवटच्या गाण्यावर टेकवली. गेनोर कोटाचे खिसे तपासत होती.

गाणं संपलं. खरखर झाली.

“आई, चहा टाक, आलोच!”

गेनोरचा हात खिशातच राहिला.

“आई, चहा टाक, आलोच!”

“अडकली वाटतं,” म्हणत क्लिफर्डने हात पुढे केला.

“नको!” गेनोर ओरडली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “तो माझा भाऊ आहे. ती हे ऐकायची. दर रविवारी ती हे ऐकायची... आणि मीच ते उचलून इथे आणून टाकलं.” ती निळा कोट पोटाशी धरून जमिनीवर बसली. “किती वेळ म्हणत राहील हा?”

“कुणीतरी सुई उचलेपर्यंत.”

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. एखादी वस्तू किंवा एखादं म्हातारं माणूस पुन्हा पुन्हा एकच बोलू लागलं, तर अडकलं म्हणून हात झटकू नका. शेवटपर्यंत ऐका आणि वेळेवर ऐका. गेनोर आता मला दर रविवारी ऐकते, पण ज्या बाईसाठी मी झिजले तिच्यापर्यंत मी पोचले नाही, ते नाहीच.

त्या दिवशी गेनोरने सुई उचलली नाही. क्लिफर्डने टोपी काढून ठेवली. मग त्याने डॉरीनची किटली उचलली, मागच्या मोरीत जाऊन भरून आणली आणि चहा टाकला.